खेचर कंपनीचा बिल्ला

आमच्या घरात दोन भाऊ थोड्या अंतरानं परत आले. थोरले येरवड्याच्या तुरुंगातून, धाकटे ब्रह्मदेशातून. थोरल्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, वेशीपासून हलगी लावून आणलं. धाकटे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते चिंचवड स्टेशनात उतरले आणि लोखंडी ट्रंक डोक्यावर घेऊन, नदी ओलांडून रहाटणीपर्यंत चालत आले. अण्णांनी त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि विचारलं, "गोऱ्यांनी सोडलं व्हय?" मी तेव्हा एवढी लहान होते की हे मला आठवत असणं शक्य नाही. पण आईनं ते इतक्या वेळा सांगितलं, आणि दर वेळी असे दात आवळून सांगितलं, की आता ते माझ्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं.

मला स्वतःला आठवतं ते परकर सोडून पातळ नेसायला लागल्यानंतरचं. घराच्या पुढच्या सोप्यात अण्णांची बैठक होती. तिथे चटई, चरखा आणि भिंतीला फुलांचा हार घातलेल्या तसबिरी. पहाटे चरख्याची घरघर सुरू झाली की ती सबंध घराला ऐकावी लागे. त्या वेळी कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, जात्यावर ओव्या म्हणायच्या नाहीत, असा काकींचा दंडक होता. मागच्या बाजूला गोठ्याला लागून आमची खोली. आबा तांबडं फुटायच्या आत उठून बैलांना खरारा करायचे आणि जिभेनं टाळूवर एक विशिष्ट आवाज काढायचे. टक्, टक् आणि मग लांब एक च्यऽ. बैलांना त्यातलं काही कळत नसे. तो आवाज खेचरांसाठी होता. एका बाजूनं चरखा, दुसऱ्या बाजूनं हा आवाज. मधल्या माजघरात आई आणि काकी एकमेकींकडे न बघता भाकरी थापायच्या. माझी सकाळ म्हटलं की मला आजही हेच ऐकू येतं. त्यात मायेचं काही नाही.

जेवणाच्या पंक्तीतही तसंच. अण्णा आधी, मग त्यांची मुलं, मग बाकीचे. मासवड्या केल्या तर मधल्या, सारणानं भरलेल्या वड्या पुढच्या ताटांत पडायच्या आणि कडेच्या, नुसत्या बेसनाच्या, आमच्याकडे यायच्या. आबांचं त्याकडे लक्ष नसे. ते उकिडवे बसून, भाकरी तळहातावर झाकून घेऊन भराभर जेवायचे, कुणी हिसकावून घेईल की काय असं. शिळी भाकरी तव्यावर कडक करून ती गुळाच्या चहात बुडवून खायला त्यांना फार आवडे. पलटणीत मिळणाऱ्या दगडासारख्या बिस्किटांची ती सवय. अण्णा ते बघून म्हणायचे, "जनावरांत राहून जनावरासारखं खायला शिकला." पोरं हसायची. माझी चुलत भावंडं आता म्हातारी झाली आहेत, लग्नाकार्यात भेटतात, "आपलं घर कसं गोकुळ होतं" म्हणतात. मी पानावरून उठते.

आबा लढाईत होते, पण बंदूकवाल्या पलटणीत नव्हते. ते होते खेचरांच्या कंपनीत. वर दारूगोळा, पाणी, पीठ चढवायचं आणि खाली जखमी उतरवायचे, हे त्यांचं काम. ट्रंकेत तळाशी, एका जुन्या पटक्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, त्या कंपनीचा पितळी बिल्ला होता. वर इंग्रजांचा मुकुट, खाली गाडीचं चाक, चाकाच्या मधोमध खेचराचं डोकं, कान उभे केलेलं. आणि त्या चाकाचा एक आरा नव्हता. मला वाटायचं तो तुटून पडला असेल. मी एकदा विचारलं तेव्हा ते बिल्ला चिंचेनं घासत होते. त्यांनी हात न थांबवता सांगितलं.

"तुटला न्हाई. तसाच घडवलाय. आमची कंपनी आधी बैलगाड्यांची व्हती. लई जुनी गोष्ट, आमच्या बापजाद्यांच्या वेळची. सरहद्दीकडं डोंगरात एक पलटण अडकली आन् पानी संपलं. गाड्या वाटंतच मोडल्या. एकच गाडी पोचली, चाकाचा आरा मोडलेला, पखाली भरलेल्या. तवापासून कंपनीच्या निशाणावर मोडक्या आऱ्याचं चाक. पुढं गाड्या गेल्या, खेचरं आली, तवा मधी हे डोस्कं बसवलं."

"आन् मुकुट?"

"त्यो वरून आला. समद्यांच्याच बिल्ल्यावर व्हता. त्यो काय आमी मागितला न्हवता."

ही गोष्ट त्यांना कंपनीतल्या एका म्हाताऱ्या नालबंदानं सांगितली होती. नव्या रंगरुटाला पहिल्या आठवड्यात ती सांगायची आणि त्याच्याकडून म्हणून घ्यायची अशी तिथली रीत होती. खरीखोटी देव जाणे. पण आबा ती सांगताना त्यांची पाठ सरळ व्हायची. त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. जंगलात शत्रूला चाहूल लागू नये म्हणून त्यांच्या खेचरांच्या घशात शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाज काढून टाकलेला असे. खेचर तोंड उघडायचं, मान ताणायचं, आणि नुसती हवा बाहेर पडायची. हे सांगून झाल्यावर आबा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

अण्णांचा या बिल्ल्यावर दात होता. ते खेडला सभांना जायचे, परत आले की सोप्यात माणसं जमायची, आणि बोलता बोलता तुरुंगातली गोष्ट निघायची. कधी चक्की पिसण्याची, कधी फटक्यांची. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्यांच्या पाठीवरचे वळ मी पाहिले आहेत. पण गोष्टीचा शेवट नेहमी गोठ्याकडे हात करून व्हायचा. "आमी आत फटके खात व्हतो आन् आमचे बंधुराज गोऱ्यांची गाढवं हाकत व्हते." माणसं हसायची. आबा पलीकडे कडबा तोडत असायचे आणि कोयत्याचा आवाज जरासुद्धा बदलायचा नाही. गोष्टीतली एक बाजू अण्णा कधी सांगत नसत. ते आत गेल्यावर घरात कमावतं कुणी उरलं नव्हतं, म्हणून आबा भरतीला गेले होते, आणि त्यांची मनिऑर्डर काकींच्या हाती पडायची.

मग तो सव्वीस जानेवारीचा दिवस आला. त्या वर्षी शाळेत झेंडावंदनानंतर गावातल्या माजी सैनिकांना नारळ द्यायचा असं हेडमास्तरांनी ठरवलं. अध्यक्ष अर्थात अण्णा. आबांना बोलावणं आलं तेव्हा त्यांना खरं वाटेना. आईनं त्यांचा खाकी सदरा धुऊन तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. आबांनी बिल्ला टोपीला न लावता सदऱ्याच्या खिशावर लावला, कारण टोपी कसरीनं खाल्ली होती. निघताना ते आईला म्हणाले, "बरं दिसतं ना?" असं त्यांनी कधी विचारल्याचं मला दुसरं आठवत नाही.

पटांगणात आम्ही मुली एका बाजूला उभ्या होतो. आधी दोन पायदळातले शिपाई पुढे गेले. त्यांच्या छातीवर पदकं होती, पदकांवर इंग्रज राजाचं अख्खं तोंड होतं. अण्णांनी त्यांना नारळ दिला, पाठीवर थाप मारली. मग आबांचं नाव पुकारलं. ते चालत समोर गेले, टाच जुळवली. अण्णांनी नारळ उचलला आणि परत टेबलावर ठेवला.

"ह्यो मुकुट कुणाचा?" ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

आबांनी मान खाली घालून खिशावरच्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"आज कंचा दिवस हाय, ठावं हाय का? या झेंड्याखाली गुलामीचा मुकुट लावून उभं राहायचं? काढ त्यो."

हेडमास्तर मध्ये पडले. "अहो अण्णासाहेब, जुनी निशाणी आहे, राहू द्या आजच्या दिवस."

"मास्तर, तुमी थांबा. आमच्या घरातलं हाय."

तेव्हा आबा बोलले. चारचौघांत त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "अण्णा, मुकुट माझा न्हाई. खालचं चाक माझं हाय. या चाकावर आमी पानी न्हेलं, माणसं आणली. आपलीच माणसं व्हती, गोरी न्हवती समदी."

"चाक पन मोडकंच हाय की राव," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. पोरांनी खेचराच्या ओरडण्याची नक्कल सुरू केली. त्या हशात अण्णाही हसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मुकुटाचा राग असता तर तो आधीच्या दोघांच्या पदकांवरही निघाला असता. राग भावाचा होता. ज्याच्या मनिऑर्डरवर आपलं घर जगलं त्या भावाला ते रोज समोर बघत होते, आणि त्याला लहान केल्याशिवाय त्यांना मोठं होता येत नव्हतं. हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळलं मात्र तेव्हाच. आबांनी पुन्हा टाच जुळवली, वळले आणि नारळ न घेता पटांगणातून बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी सदरा खुंटीला टांगला आणि काही न खाता शेतावर गेले. दुपारी अण्णा आले. आई माजघरात हुलगे निवडत होती, मी शेजारी होते. अण्णा सरळ आमच्या खोलीत शिरले. धाकट्या भावजयीच्या खोलीत ते कधी पाऊल ठेवत नसत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बिल्ला होता. त्यांनी करवतीला धार लावायची कानस घेतली, ओट्यावर बसले, बिल्ला पाट्याच्या दगडावर धरला आणि मुकुट कानशीनं घासायला लागले. पितळेवर कानस चालली की जो आवाज होतो तो दातांत जातो. अजून कुठे तो ऐकला की मी कानांवर हात ठेवते.

आई पदर सावरत दाराशी आली. "अवो, काय करताय ह्ये? त्यांना घरी येऊ द्या."

"त्याच्याच भल्याचं करतोय. मुकुट तेवढा काढतो. मग लावू दे खुशाल."

"त्यांना इचारलं का?"

"बाईमाणसानं मधी बोलू न्हाई."

आई थोरल्या दिरासमोर कधी उभी राहत नसे. त्या दिवशी ती उंबरा ओलांडून ओट्यावर गेली. "तुमी आत व्हता तवा या घरातली चूल कशावर पेटत व्हती, ते त्या मुकुटाला इचारा," ती म्हणाली. काकी आतून धावत आल्या आणि तिच्या दंडाला धरून तिला मागे ओढू लागल्या. अण्णांचा हात जोरात चालायला लागला. कानस सटकली. मुकुट निम्मा गेला होता, आता खेचराचा एक कान गेला आणि कपाळावर खोल चरा पडला. अण्णांनी फुंकर मारून पितळेचा कीस उडवला आणि पुन्हा कानस टेकवली.

आबा अंगणात कधी आले ते कुणी पाहिलं नाही. पायांना चिखल होता, हातात कासरा होता. त्यांनी कासरा खाली टाकला, ओट्यावर चढले आणि अण्णांचं मनगट धरलं. मला वाटलं आता मारामारी होणार. तसं काही झालं नाही. त्यांनी मनगट इतकंच पिळलं की कानस खाली पडली. मग अण्णांच्या मुठीतून बिल्ला काढून घेतला, तो उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले,

"तू माझ्या खोलीत शिरलास."

आमच्याकडे थोरल्या भावाला अरेतुरे करायची पद्धत नव्हती. आबांनी जन्मात अण्णांना 'तुमी'शिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं. अण्णांचा चेहरा कुणी तोंडात मारल्यासारखा झाला.

"मला तू म्हणतोस?"

"व्हय. आजपासून तूच." एवढं बोलून आबा आईकडे वळले. "भांडी बांध."

काकी रडायला लागल्या. अण्णा ओट्यावरून ओरडत राहिले, शेत मिळणार नाही, बैल मिळणार नाहीत, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आबा ट्रंक भरत होते. आईनं निवडलेले हुलगे फडक्यात बांधले. ते तिनं मागं ठेवले नाहीत याचा मला अजून आनंद होतो. ऊन कलायच्या आत आम्ही तिघं नदी ओलांडून पिंपरीच्या रस्त्याला लागलो. आबांच्या डोक्यावर तीच ट्रंक होती.

पिंपरीला तेव्हा निर्वासितांच्या कॅम्पाच्या कडेला बराकी होत्या. त्यांतल्या एकीत, पत्र्याखाली, आम्हाला खोली मिळाली. शेजारी सगळे सिंधी. त्यांचं सगळंच मागे राहिलं होतं, म्हणून आमचं काय राहिलं हे कुणी विचारलं नाही. जवळच एका कारखान्याचं बांधकाम सुरू होतं, तिथे खडी वाहणाऱ्या गाड्यांवर आबा लागले आणि थोड्याच दिवसांत तिथले मुकादम झाले. कोणती गाडी आधी, कोणती मागे, चढावर कुणी थांबायचं, हे त्यांच्या हाडात होतं. संध्याकाळी शेजारची पापडवाली बाई आईला पापड भाजून द्यायची, आई तिला ठेचा द्यायची, दोघी एकमेकींच्या भाषेला हसायच्या. आबा कडक भाकरी चहात बुडवून खायचे आणि कुणी त्यांना जनावर म्हणत नव्हतं. चरखा नसलेल्या सकाळी पहिल्यांदा मी झोपेतून घाबरून उठले नाही. आता त्या भागात एवढ्या इमारती झाल्या आहेत की बराकींची जागा मला दाखवता येणार नाही. रहाटणीत मात्र एका चौकाला अण्णांचं नाव आहे. मी रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला सांगते. नातू म्हणतो, "आजी, केवढा वळसा." मी म्हणते, पडू दे.

दुसऱ्या उन्हाळ्यात अण्णा बराकीत आले. ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि ते उभे होते. कडक खादी, डोक्यावर टोपी, एवढं ऊन चालून आल्यानं चेहरा लाल झालेला. आबा सुट्टी असल्यानं घरी होते. त्यांनी भावाला बस म्हटलं नाही. अण्णा दारातल्या खोक्यावर आपणच बसले.

"झालं गेलं सोडून दे," ते म्हणाले. "गावात लोक नावं ठेवतात. सख्खा भाऊ कॅम्पात राहतो म्हणतात. परवा सभा हाय. तू ये, माझ्या बाजूला बस. लढाईतला माणूस म्हणून तुझा सत्कार करतो."

"आन् काय लावून येऊ?"

"बिल्ला लाव की. नवा करून घेऊ. पुण्यात तांबट आळीत माझा माणूस हाय. वर सिंह बसवून देतो, झकास."

आबा सावकाश म्हणाले, "सरकारनं मुकुट काढला, मला कायबी वाटलं न्हाई. आता कंपनीत जी पोरं असत्याल त्यांच्या बिल्ल्यावर सिंह असंल, चांगलं हाय. तू मला इचारलं असतंस तर मीच त्यो काढला असता. माझ्या हातानं. तू इचारलं न्हाईस."

"आता इचारतोय न्हवं?"

"आता मतं मागतोयस."

अण्णा टोपी काढून वारा घेऊ लागले. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि तशीच बसून राहिली. आमच्याकडे वैऱ्यालाही आधी पाण्याचा तांब्या देतात. माठ भरलेला होता, वर तांब्या उपडा घातलेला होता, आणि अण्णांची नजर सारखी तिकडे जात होती. शेवटी ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कुसुम, पानी तरी देशील का?"

मी आईकडे पाहिलं. तिनं मान वळवली नाही. मी आबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. कुणी मला नको म्हटलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे काकींनी सगळीकडे सांगितलं की आईनं मला अडवलं. मला कुणी अडवलं नव्हतं. मी जागची हलले नाही. लोकांना वाटतं, या वयात मी त्याबद्दल हळहळत असेन. मी हळहळत नाही. आज ते त्या खोक्यावर येऊन बसले तरी मी हलणार नाही.

अण्णा उठले. बराकींच्या टोकाला सरकारी नळ होता आणि दुपारी थोडा वेळच पाणी यायचं, म्हणून तिथे हंडे-कळश्यांची रांग लागलेली होती. ते सरळ नळापाशी गेले, बाजूच्या बाईची कळशी पायानं सरकवली आणि ओंजळ पुढे केली. पापडवाली बाई पुढून चौथी-पाचवी होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ए बाबा, लाइन में आओ. सबको प्यास है."

अण्णांनी वळून आमच्या दाराकडे पाहिलं. आबा चौकटीत उभे होते. अण्णांना बहुधा वाटलं की धाकटा भाऊ येईल, बाईला काहीतरी सांगेल. आबा आत वळले आणि आईला म्हणाले, "वाढ. भूक लागली."

आम्ही तिघं जेवायला बसलो. दार उघडंच होतं. मला माझ्या पानावरून रांग दिसत होती. अण्णा टोपी हातात धरून, शेवटच्या हंड्याच्या मागे जाऊन उभे राहिले होते.